पेजेत घातलेली टोपी

रत्नागिरीत बाईने टोपी घातली की ती एक तर पर्यटक असते, नाहीतर आजारी. मी दोन्ही नव्हते. जन्म इथला, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी इथली, सासर पूर्णगडाच्या अलीकडे खाडीकाठच्या एका वाडीत. प्रकृती ठणठणीत. फक्त डोक्यावरचे केस जायला लागले होते, आणि तेही सगळीकडून थोडे थोडे असे शहाण्यासारखे नाही, तर रुपयाएवढे गोल तुकडेच्या तुकडे. पहिला तुकडा गणपती गेल्यावर कानामागे हाताला लागला. दिवाळीपर्यंत त्याला भावंडं झाली.

ह्याला चाई म्हणतात. त्वचेच्या डॉक्टरांनी तिचं इंग्रजी नाव सांगितलं, मलम लिहून दिलं, केस परत येतील किंवा येणारही नाहीत असं हसतमुखाने सांगितलं आणि वर म्हणाले, "उघड्या कातडीला आपलं ऊन सोसायचं नाही. लिननची टोपी वापरा. आतून घाम धरत नाही."

"टोपी?" मी विचारलं.

"हो, टोपी. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

त्यांना स्वतःला अर्धं टक्कल होतं आणि त्याची त्यांना कधीच लाज वाटली नसावी. पुरुषाचं टक्कल आपल्याकडे हुशारीच्या खात्यात जमा होतं. बाईचं कुठल्या खात्यात जातं ते मला पक्कं माहीत होतं.

मला लाज वाटली, ती साधीसुधी नाही. आरशासमोर उभी राहून, दार आतून लावून, दोन्ही हातांनी डोकं झाकून वाटली. माझी वेणी कमरेखाली यायची. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, पण मिरवायचे मी असं की जणू ती मीच विणली होती. लग्न ठरवायला सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. पोह्यांची बशी ठेवून मी परत वळले आणि त्या मागून म्हणाल्या, "केस बगा पोरीचे." मला वाटतं लग्न तिथेच ठरलं. पुढे मी वाडीत गेले की त्या मला मागच्या दारी पायरीवर बसवायच्या, घरचं खोबरेल हातावर घ्यायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत तेल लावायच्या. "आमच्या धाकटीचे केस" हे त्यांच्या बोलण्यात हापूसच्या कलमांच्या आधी यायचं. ज्या एका गोष्टीवर मला त्या घरात घेतलं ती गोष्ट आता माझ्या न्हाणीघराच्या जाळीत अडकून बसत होती. हे सासूबाईंना कळलं तर मी तिथे कोण म्हणून उभी राहणार, हे मला सुचेना. म्हणून मी ठरवलं की कळूच द्यायचं नाही. दिवाळीनंतर वाडीत जाणं बंद केलं. कधी परीक्षा, कधी पुस्तकांची मोजणी, कधी सर्दी. नवरा दर पंधरवड्याला एकटा जायचा आणि नारळ, कोकमं आणि "आईने विचारलंय कधी येतेस" एवढं घेऊन परत यायचा. त्याला मी बजावून ठेवलं होतं की तोंडातून एक अक्षर बाहेर पडता कामा नये.

टोपी घ्यायला मी भर दुपारी बाजारात गेले, म्हणजे ओळखीचं कोणी भेटू नये. रत्नागिरीत ओळखीचं कोणी भेटणार नाही अशी वेळच नसते हे विसरले होते. पहिल्या दुकानात "कोणासाठी?" असं विचारल्यावर मी "भाचीसाठी" म्हणाले. दुकानदाराने मांजराचे कान असलेली गुलाबी टोपी पुढे केली. दुसऱ्या दुकानात क्रिकेटच्या टोप्या होत्या, त्यांचा घुमट असा कडक की आत एक नारळ सहज राहील. तिसऱ्याने माकडटोपी काढली आणि थंडीचा माल शिल्लक आहे, कमी करून देतो, असं प्रेमाने सांगितलं. किनाऱ्यावर गाड्यांना गवती टोप्या टांगलेल्या असतात, लाल फीत लावलेल्या. त्यातली एक घालून ग्रंथालयात गेले असते तर माझा राजीनामा कॉलेजने आधीच टाइप करून ठेवला असता. प्रत्येक दुकानात मी ओढणी डोक्यावरून घट्ट घेऊन उभी होते आणि भाचीचं वय दर दुकानागणिक वाढत चाललं होतं.

शेवटी एका गल्लीत आखातातून आलेला माल विकणारं दुकान सापडलं. अत्तरं, खजूर, स्कार्फ, आणि एका कोपऱ्यात बायकांच्या उन्हाळी टोप्या. गल्ल्यावर माझ्याच वयाची बाई बसली होती, डोक्याला नेटका स्कार्फ. तिची मला क्षणभर असूया वाटली, कारण तिला कोणी विचारत नसेल की डोकं का झाकलंस. मी पुन्हा भाची काढली. तिने माझ्या ओढणीकडे एकदा पाहिलं.

"भाचीचं डोकं तुमच्याएवढंच असेल ना? मग तुम्हीच घालून बघा," ती म्हणाली, आणि मला आतल्या पडद्यामागे आरशापाशी नेऊन स्वतः बाहेर पडदा धरून उभी राहिली.

तिने काही विचारलं नाही. त्या न विचारण्यानेच माझे कान तापले. पडद्यामागे मी एकामागून एक टोप्या घालून पाहिल्या आणि टोपी निवडणं म्हणजे काय ते तिथे शिकले. पांढरी देखणी दिसते, पण आमच्या तांबड्या धुळीत दोन दिवसांत तिचा रंग जातो आणि मलमाचे डाग लांबून दिसतात. काळी तापते. घेर लहान असेल तर कानामागचा तुकडा उघडा पडतो आणि फार मोठा असेल तर स्कूटरवर वाऱ्याने उलटा होतो, मग सगळंच उघडं पडतं. शिवण आतून चपटी हवी, नाहीतर नुसत्या कातडीला टोचते. केस असताना असल्या गोष्टी कळत नाहीत. केस ही डोक्याची गादी असते आणि ती काढून घेतल्यावरच प्रत्येक टाका जाणवतो. शेवटी मी मातकट रंगाची एक घेतली, लिननची, मऊ, घेर कानांच्या खाली येणारा. घरी आल्यावर तिच्या आतल्या पट्टीत इलॅस्टिक शिवलं, कारण केस गेले की डोकंही लहान होतं.

लिनन हे लहरी कापड आहे. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी त्याला सुरकुत्या पडतात. मी त्या टोपीची जेवढी बडदास्त ठेवली तेवढी केसांचीही ठेवली नव्हती. रिठ्याच्या गार पाण्यात हलक्या हाताने धुवायची. आत मलमाचा तेलकट वेढा बसायचा, त्याला आधी डाळीचं पीठ चोळायचं. पिळायची नाही, पंचात गुंडाळून दाबायची. वाळत घालायची ती दोरीवर नाही, पालथ्या डब्यावर, सावलीत, म्हणजे आकार राहतो. एकदा नवऱ्याने मदत म्हणून ती चिमटे लावून दोरीवर टांगली आणि तिला दोन शिंगं आली. मी त्याच्यावर इतकी चिडले की तो बिचारा पुन्हा माझ्या धुण्याला हात लावेनासा झाला. खळ तर तिला अजिबात लावायची नाही, नाहीतर घडीवर चिरते. हे सगळं मी न्हाणीघरात करायचे, दार लावून. गच्चीवर टोपी वाळताना दिसली असती तर इमारतीतल्या बायकांनी संध्याकाळपर्यंत माझं निदान करून टाकलं असतं.

कॉलेजात मी सांगितलं की डोकं दुखतं, ऊन आणि ट्यूबलाइट दोन्ही सोसत नाही. लोकांनी ते मानलं असं त्यांनी दाखवलं. आमच्याकडे सरळ विचारत नाहीत. शिपाई म्हणाला, "मॅडम, गोव्याला कधी निघताय?" एक प्राध्यापक रोज पुस्तक परत करताना टोपीला नमस्कार करायचे आणि मग मला. मी हसायचे. हसताना टोपी थोडी मागे सरकते असं लक्षात आल्यावर हसणंही कमी केलं. मी मुळात तापट बाई, कोणी एक बोललं तर चार ऐकवणारी. त्या महिन्यांत मी कोणाला काही ऐकवलं नाही. ज्याला काही झाकायचं असतं त्याला भांडता येत नाही.

असं करत शिमगा आला.

शिमग्याला आमच्या वाडीत देवीची पालखी घरोघर येते. वर्षातून एकदाच देवी देवळातून उठते आणि आपल्या दारात येऊन बसते, त्यामुळे त्या दिवशी मुंबईची माणसं मुंबईला राहत नाहीत आणि रत्नागिरीची तर नाहीच नाही. घरातल्या सुनेने देवीची ओटी भरायची. एक वर्ष मोठी जाऊ, एक वर्ष मी, आणि यंदा पाळी माझी. परीक्षा, मोजणी, सर्दी ह्यांतलं काहीच चालण्यासारखं नव्हतं.

ओटीचं मला भय नव्हतं. पदर घ्यायचाच असतो, तो टोपीवरून घेतला असता. भय होतं गाऱ्हाण्याचं. ओटी झाली की गुरव पालखीसमोर उभा राहून त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. घरातल्यांनी आदल्या दिवशी आपली अडचण त्याच्या कानावर घालायची, आणि तो ती देवीला खणखणीत आवाजात सांगतो. कोणाच्या मुलाला बोटीवरची नोकरी मिळत नाही, कोणाच्या कलमांचा मोहोर गळाला, कोणाची म्हैस आटली. प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी वाडी एका सुरात "व्हय महाराजा" म्हणते. आमच्याकडे देवीला अडचण हळूच सांगता येत नाही.

आदल्या दिवशी आम्ही गाडीने वाडीत पोचलो. रस्त्याचं काम चालू होतं, टोपी धुळीने तांबडी झाली होती आणि घामाने आतून ओली. सासूबाई पडवीत उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं.

"आलीस गो," एवढंच म्हणाल्या.

"डोळ्यांना ऊन लागतं आई, डॉक्टरांनी टोपी घालायला सांगितलीय," मी कोणी न विचारता सांगून टाकलं.

आत जाऊन मी डोक्याला ओढणी गुंडाळली, टोपी धुतली आणि परसात एका पालथ्या हंड्यावर सावलीला वाळत घातली. तिथे कोणी जात नाही असं मला वाटलं. मग जावेबरोबर पुरण वाटायला बसले. ती गप्पा मारत होती आणि मी ओढणी सावरत हं हं म्हणत होते. तासाभराने परसात गेले तर हंडा होता, टोपी नव्हती.

कुत्र्याने नेली असती तर बरं, असं मला मनापासून वाटलं. हंड्याच्या मागे पाहिलं, केळीखाली पाहिलं. तेवढ्यात सासूबाई विहिरीकडून आल्या.

"टोपी बगतेस? मी घेतलीय ती. सकाळी देते."

"आई, ती ओली होती."

"म्हणूनच घेतली. तू जा, पुरण बग."

म्हणजे त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, आतला मलमाचा वेढा पाहिला, शिवलेलं इलॅस्टिक पाहिलं. इतकी वर्षं ह्या बाईने माझ्या डोक्याला तेल लावलं होतं. तिला सांगायला लागणार होतं थोडंच? मी नवऱ्याला गोठ्याकडे बोलावून घेतलं.

"तू सांगितलंस आईंना?"

"नाही."

"माझी शपथ?"

"शिमग्यात कसली शपथ घालतेस? नाही सांगितलं." मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "पण सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुला?"

मी त्याला म्हणाले की तुला कळणार नाही. हे मी त्याला त्या वर्षात इतक्यांदा म्हणाले होते की तो नुसती मान हलवून निघून गेला.

संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं. सासूबाई कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी गुरवाशी बोलत होत्या. आमच्या सासूबाई बोलायला लागल्या की पलीकडच्या वाडीत ऐकू जातं, पण आज त्या हळू बोलत होत्या. मध्येच त्यांनी पदराने तोंड पुसलं. मध्येच घराकडे हात केला. गुरव मान डोलावत होता. उद्या ढोल थांबतील आणि तो खणखणीत आवाज म्हणेल की ह्या घरच्या धाकट्या सुनेचे केस गेले, ते परत दे, आणि सगळी वाडी, मुंबईहून आलेल्यांसकट, म्हणेल व्हय महाराजा. मी सासूबाईंचा त्या क्षणी दुस्वास केला. आपल्या नाकासाठी ही बाई मला चव्हाट्यावर आणणार, असं मी मनात अगदी ह्याच शब्दांत म्हणाले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी आंघोळ करून मी साडी नेसले आणि सासूबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांनी गादी उचलली. गादीखालून वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमधून माझी टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

ती टोपी राहिली नव्हती. मधोमध घडी घालून चपटी केलेली, पापडासारखी कडक, उकड्या तांदळाच्या पेजेने किंचित लालसर झालेली, आणि घेर आत दुमडून कडेने दाबलेला. मला काही सेकंद कळेना की हे काय आहे. मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. सासरे जन्मभर गांधी टोपी घालायचे.

"पेजेत घातली," सासूबाई म्हणाल्या. "मीठ घालायच्या आधी निवळ काढून ठेवली होती. अगदी लटकत होती गो ती. चार लोकं येणार, टोपी कशी ताठ पायजे. ह्यांच्या मी अशाच करायचे, गादीखाली ठेवून."

त्यांच्या चेहऱ्यावर मोठं काम पार पाडल्याचा आनंद होता. मी मात्र तिथेही संशयच घेतला. म्हणजे मऊ टोपीतून डोक्याचा आकार दिसतो म्हणून ताठ केली, मनात म्हटलं. सगळं कळलंय आणि तरी तोंडाने बोलायचं नाही, ही ह्यांची रीत. मी घेर ओढून सरळ केला तर कडकड आवाज झाला. डोक्यावर चढवली तर मधली घडी कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी राहिली. वरून पदर घेतला आणि पिनांनी टोपीलाच टाचला, कारण पिन धरायला केस नव्हते. बाहेर आले तेव्हा नवऱ्याने एकदा पाहिलं आणि पटकन पाठ केली. त्याचे खांदे हलत होते. मला रडू येत होतं.

पालखी आली ती उन्हं चांगली चढल्यावर. आधी ढोल ऐकू आले, मग गुलाल, मग पोरं, मग पालखी. अंगण सारवलेलं होतं, पाट मांडलेला होता. देवीला पाटावर बसवलं आणि मी खण, नारळ, तांदूळ घेऊन पुढे झाले. तोवर पेजेने आपला गुण दाखवायला सुरुवात केली होती. घामाने खळ सुटली आणि एक चिकट ओघळ माझ्या कपाळावरून भुवईत आला. दुसरा कानामागे. पेजेचा वास यायला लागला. एक माशी आली ती जाईना. मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि ओघळ पुसायला हात वर केला तर पदर सरकेल म्हणून तसाच येऊ दिला. शेजारची एक म्हातारी माझ्या टोपीच्या उंचवट्याकडे बघत होती. सगळेच बघत असणार. मी नजर वर केली नाही, देवीच्या चांदीच्या तोंडाकडेही नाही.

ओटी झाली. ढोल थांबले. गुरव पुढे आला आणि त्याने हात जोडले.

"आई माझे, जगाचे माऊली, आज तू ह्या लेकरांच्या दारात आलीस..."

"व्हय महाराजा."

"घरातली पोरंबाळं, गुरंढोरं, कलमं-माड तुझ्या पदराखाली हायत..."

"व्हय महाराजा."

मी पायाचे अंगठे जमिनीत रुतवले. आता येणार, आता येणार.

"ह्या घरची धाकटी सून दिवाळीपास्नं घराकडे फिरकली नाय. म्हातारीच्या तोंडून काय जास्तीकमी गेलं आसंल, तर म्हातारीला त्याची खंत हाय. तिचा अपराध पोटात घाल, पोरीच्या मनातली अढी काढ, आणि तिला पुन्हा ह्या घरात येतीजाती कर..."

"व्हय महाराजा," सगळी वाडी म्हणाली. त्यात जाऊ होती, शेजारची म्हातारी होती, माझा नवरा होता. सासूबाई दोन्ही हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

केसांबद्दल एक शब्द नाही. ढोल पुन्हा सुरू झाले, पालखी उठली, लोकांनी ती नाचवली, पुढच्या घरी नेली. मी पाटापाशी तशीच उभी होते. इतके महिने मला जी लाज वाटत होती ती ह्या लाजेपुढे काहीच नव्हती. त्यांना काही माहीत नव्हतं. टोपी त्यांनी उलटी करून पाहिली असेल नसेल, पाहिली तरी त्यातून काही वाचलं नव्हतं. सून किती तरी दिवसांनी घरी आलीय, टोपी घालायला लागलीय, तर तिची टोपी आपण चांगली करून द्यावी, एवढंच त्यांनी केलं होतं. आणि सगळ्या वाडीसमोर चव्हाट्यावर आणलं होतं ते मला नाही, स्वतःला.

अंगण रिकामं झाल्यावर मी त्यांचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं.

"आई, तुम्ही काय बोलला होतात मला?"

"चकल्या," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघेनात. "दिवाळीला तुझ्या चकल्या मऊ पडल्या, ते मी सगळ्यांदेखत बोलले. तुझं तोंड उतरलं तेव्हा. मला मागून लय वाटलं."

मला चकल्या आठवतही नव्हत्या. त्या दिवशी माझं तोंड उतरलेलं असणारच, सकाळीच उशीवर केसांचा झुबका सापडला होता. मी पिना काढल्या, पदर खाली घेतला. टोपी निघेना. वाळलेल्या पेजेने ती कातडीला धरून बसली होती, ओढली तेव्हा चरचरली. मी ती काढून हातात घेतली आणि मान खाली घालून त्यांच्यासमोर उभी राहिले. ह्या डोक्याकडे डॉक्टर आणि नवरा सोडून कोणी पाहिलं नव्हतं आणि नवऱ्यालाही मी उजेडात पाहू दिलं नव्हतं.

मग त्यांनी माझी मान आणखी खाली वाकवली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली, आणि एका बोटाने कानामागचा तुकडा चाचपला, मग माथ्यावरचा, मग पाठीमागचा. बोट खरखरीत होतं.

"दुखतं काय गो?"

हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं.

"नाही, आई. दुखत नाही."

"खाज? आग?"

"नाही. काहीच होत नाही."

त्यांनी हात काढून घेतला. मी मान वर केली तेव्हा त्या माझ्या डोक्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"मंग घरी का नाय आलीस?"

मी चिकट टोपी हातात धरून उभी राहिले.